डक्टची सफाई तपासणीवरून ठरावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरातील मध्यवर्ती वातानुकूलन आणि तापन यंत्रणेचे डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पोकळ मार्ग, दरवर्षी व्यावसायिकांकडून स्वच्छ करून घेतले नाहीत तर घरच्यांना दमा, ॲलर्जी आणि श्वसनाचे विकार जडतात, अशा आशयाचा मजकूर हल्ली वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि जाहिरातींतून वारंवार वाचायला मिळतो. सोबत काळ्या धुळीने माखलेल्या डक्टचे एक छायाचित्र आणि शेजारी लख्ख पत्र्याचे दुसरे छायाचित्र असते. अशा यंत्रणांची देखभाल हाच माझा व्यवसाय असल्यामुळे या मजकुरातील खरे काय आणि फुगवलेले काय, हे मी जवळून पाहत आलो आहे. डक्टची सफाई हे उपयोगी काम आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र ते केव्हा करायचे हे दिनदर्शिका पाहून ठरवता येत नाही, त्यासाठी यंत्रणा उघडून पाहावी लागते. आणि करायचे ठरले की ते शेवटपर्यंत करावे लागते, कारण अर्धवट सफाईने घरातली हवा पूर्वीपेक्षा खराब होण्याचा संभव असतो. हे का, ते थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

आधी यंत्रणेची रचना पाहू. मध्यवर्ती पद्धतीत घरातील हवा रिटर्नच्या, म्हणजे परतीच्या मार्गाच्या, ग्रिलमधून ओढली जाते, फिल्टरमधून गाळली जाते, ब्लोअरच्या (मोठ्या पंख्याच्या) जोरावर थंड कॉइलवरून (गार नळ्यांच्या जाळ्यावरून) किंवा फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) हीट एक्स्चेंजरवरून, म्हणजे हवेला उष्णता देणाऱ्या भागावरून, जाते, प्लेनम या मोठ्या हवापेटीत येते आणि तेथून फुटणाऱ्या सप्लाय डक्टच्या फांद्यांतून खोल्याखोल्यांत पोचते. तीच हवा फिरून पुन्हा रिटर्नकडे येते. भिंतीवर बसवलेल्या स्प्लिट यंत्राला असे डक्ट नसतातच. त्याला सफाई लागते ती जाळीची, कॉइलची, पंख्याची आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळीची. तिला डक्टसफाईचे नाव देऊन कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

या वाटेवर धूळ सगळीकडे सारखी साचत नाही. फिल्टरच्या अलीकडचा, म्हणजे रिटर्नचा भाग न गाळलेली हवा वाहून नेतो. त्यामुळे कापडाचे तंतू, केस, त्वचेचे पापुद्रे आणि बाहेरून आलेली माती यांचा थर तेथे सर्वाधिक दिसतो. जाहिरातीतले छायाचित्र या भागाचे असेल, तर तेथून उडालेली धूळ खोलीत येण्याआधी तिला फिल्टर ओलांडावा लागतो, ही माहिती त्याखाली छापलेली नसते. सप्लायच्या डक्टमध्ये जाड थर सापडला तर त्याचा अर्थ निराळा आणि अधिक गंभीर असतो. फिल्टर चौकटीत घट्ट बसलेला नाही, तो फाटला आहे, मध्यंतरी यंत्रणा त्याच्याशिवायच चालवली गेली आहे, किंवा फिल्टर आणि ब्लोअर यांच्यामधला एखादा सांधा उघडा पडून माळ्यावरची वा तळघरातली हवा गाळल्याविना आत ओढली जात आहे, यांपैकी काहीतरी घडलेले असते. अशा वेळी नुसती धूळ काढून सांधा तसाच ठेवला, तर काही हंगामांत पुन्हा तोच थर तयार होतो आणि पुन्हा त्याच सफाईचे पैसे मोजावे लागतात.

धुळीचे वर्तन नीट समजून घेतले तर निम्मी भीती आपोआप कमी होते. घरगुती यंत्रणेच्या मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग साधारणपणे सेकंदाला ३ ते ४.५ मीटर असतो. या वेगात जे कण खाली बसतात ते मुख्यतः जाडसर आणि जड असतात, आणि एकदा ते पत्र्याला चिकटले की त्याच वेगाच्या झोताने सहसा सुटत नाहीत. याउलट फुप्फुसांत खोलवर उतरणारे कण २.५ मायक्रॉनहून लहान असतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही बारीक. ते डक्टच्या तळाशी बसून राहण्यापेक्षा हवेबरोबर वाहत राहतात. त्यांचा उगम स्वयंपाकाच्या आणि तंबाखूच्या धुरात, मेणबत्त्यांत, बाहेरच्या प्रदूषणात असतो, आणि त्यांवरचा उपाय म्हणजे धुराला बाहेरची वाट काढून देणे आणि चांगला फिल्टर वापरणे. डक्टमध्ये ब्रश फिरवल्याने हे कण कमी होत नाहीत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, घरमालकांसाठी या विषयावर १९९७ साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. डक्टच्या सफाईमुळे आरोग्याच्या तक्रारी टळतात असे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि डक्टमधील धुळीमुळे घरातील हवेतल्या कणांचे प्रमाण वाढते असेही अभ्यासांतून निर्णायकपणे दिसलेले नाही, असे त्या संस्थेचे म्हणणे आहे. स्वयंपाक, झाडलोट, धूम्रपान, एवढेच नव्हे तर घरातली साधी ये-जा यांमुळे श्वासातून जाणारे कण घाणेरड्या डक्टमुळे जाणाऱ्या कणांपेक्षा जास्त असू शकतात, असेही तिने नमूद केले आहे. म्हणूनच ही संस्था ठरावीक काळाने सफाई करण्याचा सल्ला देत नाही; गरज दिसली तर करावी, असे सांगते. कॅनडा मॉर्गेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशन या तेथील सरकारी गृहनिर्माण संस्थेचा निष्कर्षही याच दिशेचा आहे: डक्ट साफ केल्याने घरातील हवेचा दर्जा सहसा बदलत नाही आणि हवेच्या प्रवाहावर किंवा तापनाच्या खर्चावरही फारसा परिणाम होत नाही. ज्या देशांत हिवाळ्याचे कित्येक महिने घरे बंद ठेवून डक्टमधूनच ऊब घेतली जाते, तेथील संस्थांचे हे मत आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

तथापि यावरून डक्टची सफाई निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो तितकाच चुकीचा ठरेल. डक्टच्या आतल्या कठीण पृष्ठभागावर किंवा यंत्रणेच्या अन्य भागांवर डोळ्यांना दिसेल अशी बुरशी वाढली असेल, आत उंदीर-घुशींनी किंवा किड्यांनी वस्ती केली असेल, किंवा धूळ आणि कचरा इतका तुंबला असेल की ग्रिलमधून तो खोलीत पडताना दिसतो, तर सफाई करावीच, असे ईपीएही सांगते. माझ्या अनुभवात यात आणखी एका प्रसंगाची भर घालावी लागेल आणि तो म्हणजे घराची मोठी दुरुस्ती. भिंती घासणे, जिप्समचे सांधे पॉलिश करणे, फरशी कापणे ही कामे चालू असताना यंत्रणा चालू राहिली, तर काही दिवसांत इतकी बारीक भुकटी आत जाते की एरवी ती कित्येक वर्षांतही साचली नसती. अशा कामाआधी यंत्रणा बंद करून प्रत्येक ग्रिल प्लास्टिकने झाकून घेणे ही अगदी स्वस्तातली खबरदारी आहे. परंतु ती घेण्याची आठवण कंत्राटदार क्वचितच करून देतात.

उंदरांच्या बाबतीत नुसते स्वच्छ करून भागत नाही. ज्या फटीतून ते आले ती बुजवली नाही, तर सफाई वाया जाते. त्यांच्या लेंड्या आणि मूत्र यांतून माणसाला रोग होऊ शकतात, तेव्हा हे काम घरच्या व्हॅक्युम क्लीनरने स्वतः करण्याच्या फंदात कोणीही पडू नये.

बुरशीचा विषय मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण भीती दाखवून पैसे काढण्याचा प्रकार याच ठिकाणी सर्वाधिक होतो. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतातच. त्यामुळे ग्रिलजवळ एखादी तबकडी ठेवून त्यावर बुरशी उगवून दाखवली, तर त्यातून डक्टविषयी काहीच सिद्ध होत नाही. काळपट डाग दिसला म्हणजे ती बुरशीच असते असेही नाही. साध्या धुळीचा आणि काजळीचा डागही तसाच दिसतो. शंका असेल तर डागाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो, आणि तो नमुना सफाई विकणाऱ्याने पाठवण्याऐवजी घरमालकाने स्वतः पाठवावा हे उत्तम. बुरशी खरोखर असेल, तर पुढचा प्रश्न विचारला पाहिजे की तिला पाणी कोठून मिळाले. ओलाव्याशिवाय बुरशी वाढत नाही. घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी असे जे सांगितले जाते, ते याच कारणाने.

थंडाव्याच्या हंगामात यंत्रणेतला सर्वांत ओला भाग म्हणजे कॉइल. हवेतली वाफ तिच्यावर गार होऊन तिचे पाणी होते, ते पाणी खालच्या ड्रेन पॅनमध्ये पडते आणि नळीवाटे बाहेर जाते. कॉइलच्या पातळ पात्यांमधले अंतर साधारण दोन मिलिमीटर असते. फिल्टर चुकवून आलेली धूळ या ओल्या पात्यांवर बसली की तिचा चिखल होतो आणि त्यावर बुरशी व जिवाणू सुखाने वाढतात. एका घरात यंत्रणा सुरू होताच कुबट वास येत असे. घरच्यांनी डक्ट व्यावसायिकांकडून साफ करून घेतले होते, सुगंधी रसायनही फवारून घेतले होते, आणि काही आठवड्यांत वास परत आला होता. पॅन उघडून पाहिले तेव्हा त्याचा उतार नळीच्या उलट दिशेला असल्याचे आढळले; तळाशी कायम पाणी साचून त्यावर शेवाळी साय धरली होती. पॅन सरळ बसवला, नळी मोकळी केली, कॉइल धुतली आणि वास थांबला. ज्यांनी आधी सफाई केली त्यांनी डक्ट प्रामाणिकपणे साफ केलेही असतील. परंतु त्यांनी कॉइलचे झाकण उघडलेच नव्हते, आणि दोष तर झाकणाच्या आत होता.

म्हणूनच केवळ डक्ट स्वच्छ करणे आणि यंत्रणा स्वच्छ करणे यांतला भेद ग्राहकांच्या मनावर ठसला पाहिजे. व्यावसायिक सफाईत सप्लाय आणि रिटर्नचे डक्ट, ग्रिल आणि डिफ्यूझर (हवा खोलीत पसरवणारी तोंडे), ब्लोअरची पाती आणि त्याचे बाहेरचे कवच, कॉइल, ड्रेन पॅन, हीट एक्स्चेंजरचा बाहेरचा पृष्ठभाग आणि ब्लोअर व कॉइल ज्यात असतात ती एअर हँडलरची पेटी हे सर्व आले पाहिजे. एक जरी भाग घाण राहिला, तर तेथून पुन्हा सगळीकडे घाण पसरते. शिवाय विजेची बचत होण्याची शक्यता असेल तर ती कॉइल आणि ब्लोअर साफ केल्यानेच असते. नुसते डक्ट साफ केल्याने यंत्रणेची कार्यक्षमता वाढते याला फारसा आधार नाही. जाहिरातीत विजेच्या बचतीचे आश्वासन डक्टच्या नावाने दिले जाते आणि प्रत्यक्ष कामातून कॉइल वगळली जाते, हे अत्यंत अयोग्य आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे व्हावे, ते सांगतो. प्रथम यंत्रणा बंद करून आत कॅमेरा सोडून तपासणी होते आणि घरमालकाला आतली स्थिती दाखवली जाते. मग मुख्य डक्टला, बहुधा प्लेनमजवळ, एक छिद्र घेऊन त्याला शक्तिशाली शोषण यंत्र जोडले जाते, आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढा सोडून बाकी सर्व ग्रिल झाकले जातात. त्यामुळे डक्टच्या आत ऋण दाब राहतो, म्हणजे हवा फटींमधून बाहेर येण्याऐवजी आत ओढली जाते. याच दाबामुळे सुटलेली धूळ घरात न येता यंत्राकडे जाते. मग टोकाच्या ग्रिलपासून शोषण यंत्राच्या दिशेने फिरते ब्रश, दाबाखालच्या हवेचे झोत किंवा फटके मारणाऱ्या लवचीक नळ्या घालून थर खरवडून सोडवला जातो. केवळ शोषणाने चिकटलेली धूळ निघत नाही आणि केवळ ब्रशने ती घरभर उडते. दोन्ही एकाच वेळी चालू असणे हा या कामाचा प्राण आहे. शोषण यंत्राची हवा घराबाहेर सोडावी, आणि यंत्र घरातच ठेवावे लागले तर त्याला हेपा फिल्टर असावा, जो ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. शेवटी काढलेली छिद्रे पत्र्याच्या झाकणाने बंद करून, सांधे मारून, वरचे उष्णतारोधक आवरण पूर्ववत करावे लागते. हे शेवटचे काम घाईत उरकले, तर सफाईच्या निमित्ताने घरमालकाच्या पदरी नवी गळती पडते.

या सगळ्याला साध्या घरातही काही तास लागतात आणि एकाहून अधिक माणसे लागतात. अत्यंत कमी रकमेची जाहिरात करून यायचे, ग्रिलच्या तोंडाशी घरगुती व्हॅक्युमची नळी तासभर फिरवायची आणि मग बुरशी सापडल्याचे सांगून रक्कम अनेक पटींनी वाढवायची, ही पद्धत या व्यवसायात ‘ब्लो अँड गो’ नावाने कुप्रसिद्ध आहे. प्रामाणिक व्यावसायिकांनाही तिचा त्रास होतो. त्यांच्या नॅशनल एअर डक्ट क्लीनर्स असोसिएशन या १९८९ साली स्थापन झालेल्या संघटनेने सफाईचे मानक तयार केले आहे. त्यात आधी तपासणी आणि मग गरजेनुसार सफाई असा क्रम आहे, आणि काम झाल्यावर पृष्ठभाग डोळ्यांना स्वच्छ दिसला पाहिजे अशी पहिली अट आहे. वाद झालाच तर ठरावीक पद्धतीने पृष्ठभागावरील उरलेली धूळ शोषून तोलली जाते आणि छिद्र नसलेल्या पृष्ठभागावर ती १०० चौरस सेंटिमीटरला ०.७५ मिलिग्रॅमहून अधिक भरता कामा नये, असा निकष आहे. घरगुती कामात इतक्या तोलामापाची वेळ क्वचितच येते. पण आधीची आणि नंतरची छायाचित्रे एकाच जागेची असावीत आणि ती आपल्याच डक्टची असावीत, एवढा आग्रह तर कोणीही धरू शकतो. शक्य असेल तेथे काम संपण्याआधी स्वतः टॉर्च घेऊन आत पाहावे.

डक्ट कशाचा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. उघड्या पत्र्याच्या डक्टला ब्रश चालतो. आतून काचतंतूचे अस्तर असलेल्या किंवा काचतंतूच्याच फळ्यांपासून बनवलेल्या डक्टला तोच ब्रश जोरात लावला तर पृष्ठभाग फाटतो आणि तंतू हवेत मिसळू लागतात. असे अस्तर भिजले असेल किंवा त्यात बुरशी शिरली असेल, तर ते परिणामकारकपणे साफ करता येत नाही. तेवढा भाग काढून नवा बसवणे हाच उपाय असतो. लवचीक डक्टमध्ये जोर लावला तर आतला पडदा तारेवरून निसटतो. जुन्या घरांत डक्टच्या सांध्यांवर किंवा आवरणात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू, असण्याची शक्यता असते, आणि ते न डिवचणे हेच शहाणपणाचे. त्याची शंका आली की काम थांबवून त्या विषयातील प्रशिक्षित माणसाला बोलवावे. डक्ट कशाचा आहे हे न पाहताच दूरध्वनीवर भाव सांगणाऱ्या व्यावसायिकाविषयी म्हणूनच मला विश्वास वाटत नाही.

सफाईनंतर जंतुनाशक फवारण्याचा आग्रह जवळजवळ प्रत्येक जण धरतो. तो मान्य करण्यापूर्वी चारदा विचार करावा. डक्टमध्ये फवारलेले रसायन पुढे घरातली माणसेच श्वासातून घेतात, त्यात लहान मुले आणि दम्याचे रुग्णही आले. घाणीच्या थरावर फवारा मारून काही साधत नाही, आणि घाण पूर्ण काढून ओलावा थांबवला असेल तर फवाऱ्याची गरज बहुधा उरत नाही. काचतंतूच्या डक्टवर किंवा अस्तरावर वापरण्यासाठी कोणतेही जंतुनाशक ईपीएकडे नोंदवलेले नाही, असे त्या संस्थेने स्पष्ट केले आहे. ओझोन सोडून डक्ट शुद्ध करण्याचे प्रस्तावही येतात. ओझोन हा फुप्फुसांना इजा करणारा वायू आहे आणि माणसे राहतात त्या जागेत तो मुद्दाम सोडणे सर्वथा गैर आहे. आमची पद्धत ईपीएने प्रमाणित केली आहे, असे कोणी म्हणाले तर ते विधान खोटे समजावे, कारण ही संस्था डक्ट साफ करणाऱ्यांना प्रमाणपत्र देतच नाही.

भीतीच्या याच ओघात ‘लिजनेअर’ या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचे नावही कधी कधी घेतले जाते. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या संमेलनानंतर न्यूमोनियाची जी साथ उद्भवली, तिचा संबंध इमारतीच्या शीतकरण मनोऱ्यातील (वातानुकूलनाचे पाणी गार करणाऱ्या मनोऱ्यातील) पाण्याशी जोडला गेला. असे मनोरे मोठ्या इमारतींना असतात. घरगुती वातानुकूलन यंत्र हवा थंड करण्यासाठी पाण्याचा वापर करत नाही, त्यामुळे त्या जिवाणूच्या वाढीचा धोका त्यात नसतो. घराचे डक्ट साफ करून घेतल्याने या आजारापासून संरक्षण मिळते, हे सांगणे म्हणजे लोकांच्या अज्ञानाचा गैरफायदा घेणे होय.

खरा जीवघेणा धोका वेगळ्या ठिकाणी आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. घर उबदार ठेवण्यासाठी वायू किंवा तेल जाळणारे फर्नेस असेल आणि त्याच्या हीट एक्स्चेंजरला तडा गेला असेल किंवा धुराडे तुंबले असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. अशा फर्नेसची तपासणी प्रत्येक तापनहंगामापूर्वी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून झालीच पाहिजे आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ या वायूची सूचना देणारा अलार्म असलाच पाहिजे. डक्टच्या सफाईसाठी बाजूला ठेवलेली रक्कम आणि ही तपासणी यांपैकी एकाचीच निवड करायची वेळ आली, तर क्षणाचाही विचार न करता तपासणी निवडावी. सफाईच्या वेळीही हे भान हवे: मोठे शोषण यंत्र चालू असताना फर्नेस आणि त्याच जागेतले गॅसवरील पाणी तापवण्याचे यंत्र बंद ठेवले नाही, तर धुराड्यातला वायू उलटा घरात ओढला जाण्याची भीती असते.

डक्ट मुळात घाण होऊ नयेत यासाठी जे करायचे ते फारसे खर्चिक नाही. फिल्टर चौकटीत घट्ट बसणारा असावा आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा. घरात पाळीव प्राणी असतील किंवा दुरुस्ती चालू असेल तर त्याहून लवकर. फिल्टरची गाळण्याची क्षमता मर्व्ह या मापाने सांगितली जाते. मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर १ ते ३ मायक्रॉनचे किमान ८५ टक्के आणि ०.३ ते १ मायक्रॉनचे किमान ५० टक्के कण अडवतो, आणि हेच बारीक कण आरोग्याला बाधक असतात. मात्र दाट फिल्टरमुळे हवेला अडथळाही वाढतो. ब्लोअरला तो झेपला नाही तर हवा कमी पडून कॉइलवर बर्फ धरतो. आपल्या यंत्रणेला कोणत्या दर्जापर्यंतचा फिल्टर चालेल हे एकदा तंत्रज्ञाला विचारून घ्यावे आणि मग त्यात बदल करू नये.

गळतीचेही तसेच. अमेरिकेतील ऊर्जाबचतीच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजानुसार तेथील सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोके आणि सुटलेले सांधे यांतून वाया जाते. ज्या घरात वीजबिलाची चिंता आहे त्या घराने सफाईआधी सांध्यांची तपासणी करून घ्यावी, कारण बचत तेथे आहे. सांधे बंद करताना कापडी टेप वापरू नये. नाव ‘डक्ट टेप’ असले तरी डक्टवर ती टिकत नाही, हे लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९९८ साली चाचण्या घेऊन दाखवून दिले. ब्रशने लावायचा मॅस्टिक या सांधे बुजवणाऱ्या चिकट द्रव्याचा लेप किंवा डक्टसाठीच प्रमाणित केलेली धातूची पट्टी, हे दोन पर्याय टिकाऊ आहेत. हे काम दिसायला क्षुल्लक आहे, त्याची आकर्षक छायाचित्रे निघत नाहीत, आणि म्हणूनच ते मागे पडते, याची मला मनापासून खंत वाटते.

दम्याने किंवा ॲलर्जीने त्रस्त असलेल्या कुटुंबांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. मूल रात्रभर खोकत असेल तर आईवडील कोणत्याही उपायाला तयार होतात, आणि नेमक्या याच घरांना उद्देशून सर्वांत मोठी आश्वासने दिली जातात. अशा कुटुंबांनी आधी डॉक्टरांकडून त्रासाचे कारण समजून घ्यावे. अंथरुणातले धूलिकीटक, घरातला ओलावा, तंबाखूचा धूर, पाळीव प्राण्यांचा कोंडा ही कारणे डक्टपेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडतात आणि त्यांवर उपायही आहेत. यंत्रणा सुरू झाल्यावरच त्रास वाढतो आणि बंद केल्यावर कमी होतो, असे लक्षात आले तर मात्र संपूर्ण यंत्रणेची तपासणी जरूर करून घ्यावी. तपासणी करणारा आणि सफाई विकणारा शक्यतो एकच नसावा.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. डक्टसफाईविषयीचा जो मजकूर प्रायोजित असतो, त्यावर ‘जाहिरात’ हा शब्द वाचकाच्या सहज नजरेस पडेल अशा ठळक अक्षरांत असावा. आणि त्यात आजार बरे होण्याचा किंवा टळण्याचा दावा असेल, तर छापण्यापूर्वी त्याचा आधार जाहिरातदाराकडे मागावा. औषधांच्या जाहिरातींबाबत आपण जी काळजी घेता तीच येथे घ्यावी, कारण वाचक असा दावा आरोग्याचा सल्ला समजूनच वाचतो. दुसरे असे की, घराच्या देखभालीवरील आपल्या पुरवणीत कधी जागा झाली, तर फिल्टर कसा निवडावा, ड्रेन पॅन कसा तपासावा आणि सफाई करणाऱ्याला कामाआधी कोणते प्रश्न विचारावेत, यावर एखाद्या जाणकार तंत्रज्ञाकडून लेख लिहून घ्यावा. त्यासाठी लागणारी आकृती आणि तांत्रिक तपशील पुरवण्यास मी आनंदाने तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वातानुकूलन देखभालीच्या क्षेत्रातील एक वाचक